आधी रेघ, शेवटी अस्तर : आरसी गाडीच्या बॉडीवरील लिक्विड मास्किंगचा आढावा

रेडिओ-नियंत्रित मोटारीची, म्हणजे आरसी कारची, शर्यतीची बॉडी पारदर्शक प्लास्टिकची असते आणि तिला रंग आतून दिला जातो. त्यामुळे बाहेरून दिसणारा रंग प्लास्टिकच्या पाठीमागे सुरक्षित असतो. गाडी उलटली, घासली, भिंतीवर आदळली तरी ओरखडा प्लास्टिकवर उठतो, रंगावर नाही. वेगळे पॉलिशही लागत नाही, कारण बाहेरचे गुळगुळीत प्लास्टिकच चकाकी देते. या सोयीमुळे एक अडचण मात्र उभी राहते. एकाहून अधिक रंग हवे असतील, तर प्रत्येक रंग फवारताना बाकीची जागा झाकावी लागते, आणि हे झाकणे एखाद्या खोलगट, वळणावळणाच्या भांड्याच्या आतल्या बाजूला करावे लागते. लिक्विड मास्क हा त्यावरचा उपाय आहे. हा घट्टसर द्रव बॉडीच्या आत फासतात. वाळल्यावर त्याचा रबरासारखा पापुद्रा बनतो. पापुद्र्यावर नक्षी कापायची, हवा तो तुकडा सोलायचा, उघड्या जागी रंग मारायचा, मग पुढचा तुकडा सोलायचा, असे हे काम चालते. त्याच्या तत्त्वाचा, कृतीचा, बिघाडांचा आणि पर्यायांचा हा आढावा आहे.

बॉडीचे द्रव्य

बॉडी पॉलिकार्बोनेटची असते. हे प्लास्टिक १९५३ साली जर्मनीच्या बायर कंपनीत हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केले. जनरल इलेक्ट्रिकने दिलेले ‘लेक्झान’ हे व्यापारी नाव आरसी गाड्यांच्या छंदात इतके रुळले, की दुसऱ्या कंपनीच्या पत्र्यालाही सर्रास लेक्झानच म्हणतात. काचेसारखे पारदर्शक आणि तरीही दणका बसल्यावर न फुटता लवणारे, हे त्याचे दोन गुण शर्यतीच्या बॉडीला हवे तेच आहेत. सुमारे १४७ अंश सेल्सिअसपर्यंत ते मऊ पडत नाही. त्यामुळे आदिलाबादच्या मे महिन्यातले ऊनही बॉडीचा आकार बिघडवत नाही.

पॉलिकार्बोनेटचा पत्रा तापवून मऊ करतात, साच्यावर टाकतात आणि खालून हवा ओढून घेतात. पत्रा साच्याला घट्ट बसतो आणि थंड झाला की तोच आकार धरतो. नेहमीच्या १:१० मापाच्या बॉडीसाठी साधारण ०.७५ मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरतात. हलक्या बॉडीसाठी ०.५ आणि दणकट बॉडीसाठी १ मिलिमीटरपर्यंतचा पत्रा घेतात. ही मूळ पत्र्याची जाडी झाली. साच्याच्या कोपऱ्यांवर आणि चाकांच्या कमानींवर पत्रा ताणला जातो आणि तिथे तो याहून पातळ होतो. मास्क कापताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

सगळ्याच आरसी गाड्यांची बॉडी अशी नसते. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली आरसी गाडी, १:१२ मापाची पोर्श ९३४, बाजारात आणली. तिची बॉडी कडक प्लास्टिकची होती आणि अशा बॉडीला रंग बाहेरून देतात. आजही दोन्ही प्रकार चालतात. तामियाच्या फवाऱ्यांच्या डब्यांत कडक प्लास्टिकसाठी ‘टीएस’ आणि पॉलिकार्बोनेटसाठी ‘पीएस’ अशा दोन मालिका आहेत. दोन्हींत घोटाळा करणे ही नवख्या माणसाची सर्वांत महागात पडणारी चूक असते. साधा एनॅमल किंवा कडक प्लास्टिकचा रंग पॉलिकार्बोनेटवर दिसायला ठीक बसतो, पण पहिल्या धडकेत बॉडी लवते आणि रंगाचे पोपडे सुटतात. पॉलिकार्बोनेटचा रंग पत्र्याला धरून राहतो आणि त्याच्याबरोबर लवतो.

उलटा क्रम

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरपासून फार दूर नसलेले निर्मल गाव लाकडी खेळणी आणि चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तिथले कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडाचे फळ किंवा पक्षी घडवतात, आधी अंगाचा रंग देतात आणि डोळा, पीस, शिरेची रेघ शेवटी काढतात. जगातले बहुतेक रंगकाम याच क्रमाने चालते. आरसी बॉडीचा क्रम याच्या नेमका उलट आहे. जी रेघ सर्वांत वर दिसायला हवी ती सर्वांत आधी द्यावी लागते आणि अंगाचा रंग शेवटी येतो. प्रत्येक नवा थर आधीच्या थराच्या पाठीमागे जातो.

हे तत्त्व मराठी प्रदेशाला अपरिचित नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वाड्यांतून लावली जाणारी काचचित्रे याच पद्धतीने काढलेली असत. काचेच्या मागल्या बाजूने आधी दागिन्यांचे ठिपके आणि डोळ्यांच्या रेघा, मग चेहरा आणि वस्त्र, शेवटी पार्श्वभूमी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे पाहायला मिळतात. काचचित्रकाराचा जो नियम तोच आरसी रंगाऱ्याचा : एकदा दिलेला थर मागून दुरुस्त होत नाही, म्हणून सगळे चित्र आधी डोक्यात पुरे झालेले हवे.

या उलट्या क्रमातून गडद रंग आधी आणि फिका रंग नंतर हा दुसरा नियम निघतो. पिवळ्या ज्वाळा आणि काळे अंग अशी नक्षी घेतली, तर काळा आधी मारतात. त्याच्या पाठीवर नंतर पिवळा उडाला तरी बाहेरून काळाच दिसतो. उलट, पिवळा आधी मारला आणि त्याचा थर कुठे पातळ राहिला, तर मागून आलेला काळा त्यातून डोकावतो आणि पिवळा मळकट दिसतो. फिक्या रंगाला पाठीमागून आधारही द्यावा लागतो. पिवळ्या, नारिंगी आणि चमकणाऱ्या फ्लुओरेसंट रंगांच्या मागे पांढऱ्याचा हात देतात, पारदर्शक कँडी रंगांच्या मागे चंदेरीचा, तर आरशासारख्या क्रोमच्या मागे काळ्याचा. कपड्याला अस्तर असते तसे हे रंगाचे अस्तर. ते चुकले तर नेमका बसलेला मास्कही वाया जातो.

झाकण्याच्या तीन रीती

बॉडीची जागा झाकायला टेप, चिकट फिल्म आणि द्रव मास्क असे तीन उपाय आहेत. टेप सरळ रेषेला सर्वांत चांगली. शर्यतीच्या गाडीवरचे रुंद पट्टे, छताची कड, दोन रंगांतली एकच विभागणी एवढ्यासाठी द्रव मास्क वापरण्याची गरज नसते. बारीक व्हिनाइल टेप थोडी वळतेही. पण दुहेरी वळणाच्या बोनेटवर तिला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीखालून रंग शिरतो.

चिकट फिल्म आधीच कापलेल्या आकारांसाठी उपयोगी आहे. बॉडीबरोबर येणारे खिडक्यांचे मास्क याच प्रकारचे असतात. संगणकाला जोडलेल्या कटरवर अक्षरे आणि आकडे फिल्ममधून अचूक निघतात. मात्र फिल्म सपाट जागीच नीट बसते.

द्रव मास्कला आकार नसतो, म्हणून तो कुठल्याही आकारात बसतो. हेडलाइटच्या खोबणीत, बोनेटच्या हवेच्या झडपांत, स्पॉयलरच्या बेचक्यात तो सारखाच चिकटतो. एकाच अखंड पापुद्र्यावर सगळी नक्षी कापता येते. लगतच्या दोन रंगांची सीमा एकाच कापाने ठरते, त्यामुळे मध्ये फट राहत नाही आणि एकावर एकही चढत नाही. ज्वाळा, खवले, कोळ्याचे जाळे, वाकडी अक्षरे अशा नक्षीला म्हणूनच द्रव मास्क लागतो. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. टेप लावून लगेच रंग मारता येतो, द्रव मास्कला वाळायला एक रात्र द्यावी लागते.

रंग नको तिथे आधी दुसरे काही लावायचे, ही युक्ती कारागिरीत जुनी आहे. कलमकारीत नीळ चढवण्याआधी जिथे निळा नको तिथे मेण लावतात. बाटिकचा सगळा डोलारा मेणावर उभा आहे. सायकलची रिम रंगवताना टायरवर ग्रीस फासतात, तेही याच जातीचे झाकणे. ग्रीसवर किंवा मेणावर नेमकी कड कापता येत नाही. द्रव मास्कवर ती कापता येते, हाच त्याचा विशेष.

मास्क बनतो कसा

आरसी बॉडीसाठी विकला जाणारा द्रव मास्क पाण्यावर आधारलेला असतो. पाण्यात लवचीक पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडून गेले की कण एकमेकांना भिडतात, एकमेकांत मिसळतात आणि अखंड पापुद्रा तयार होतो. ओला असताना दुधट दिसणारा मास्क वाळल्यावर पारदर्शक होतो. पूर्ण वाळल्याची खूण म्हणून कुठेही दुधट डाग उरलेला नसावा. अमेरिकेच्या पार्मा कंपनीचा फास्मास्क हे या वर्गातले ओळखीचे नाव.

जलरंगाचे चित्रकार वापरतात तो मास्किंग फ्लुइड दिसायला असाच, पण बहुधा नैसर्गिक रबराच्या चिकाचा असतो. चीक गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, आणि अमोनिया पॉलिकार्बोनेटला बाधतो. शिवाय तो बोटाने चोळून काढण्यासाठी बनवलेला असतो, पात्याने कापून एकसंध सोलण्यासाठी नाही. हम्ब्रोलच्या मास्कोलसारखे प्लास्टिक मॉडेलवाल्यांचे द्रव मास्क मुख्यतः विमानाची काच किंवा चाक यांसारखे लहान भाग झाकण्यासाठी असतात. बॉडीभर फासायला घेण्याआधी असे कुठलेही द्रव्य बॉडीच्या कापून टाकायच्या कडेवर लावून रात्रभर ठेवावे. ते सोलल्यावर पत्रा स्वच्छ राहिला आणि पापुद्रा अखंड निघाला, तरच पुढे जावे.

घरगुती पर्याय म्हणून फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद सुचवला जातो. त्याचाही पापुद्रा बनतो आणि पातळ थरात पारदर्शक होतो. पण तो पाण्याने पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे पाण्यावर आधारलेल्या रंगाखाली त्याची कड सुटते. एकदोन खिडक्या झाकायला तो चालेल, बारीक नक्षीला त्याचा भरवसा नाही.

थर देणे

मास्कच्या यशापयशाचा मोठा भाग रंगाची बाटली उघडण्याआधीच ठरून जातो. साच्यातून निघालेल्या बॉडीवर तेलकटपणा असतो आणि हाताळताना बोटांचे ठसे उमटतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून बॉडी आतून मऊ फडक्याने धुवावी, भरपूर पाण्याने खळबळावी आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने टिपावी. घासणी वापरू नये. खिडक्यांचे मास्क याच वेळी आतून बसवून घ्यावेत. बाहेरच्या बाजूला कंपनीने लावलेली संरक्षक फिल्म काढू नये. उडालेला रंग ती अडवते, शिवाय तिच्यावर नक्षी रेखाटता येते.

मास्कची बाटली जोराने हलवली की फेस होतो. फेसाचे बुडबुडे थरात फुटतात, तिथे टाचणीएवढी छिद्रे पडतात आणि त्यांतून रंगाचे ठिपके उमटतात. म्हणून बाटली हळूच उलटसुलट करावी आणि द्रवात गुठळ्या असतील तर तो पातळ कापडातून गाळून घ्यावा. लावायला स्पंजचा ब्रश बरा, केसांच्या ब्रशाचे केस थरात अडकतात. काही रंगारी मास्क मोठ्या नोझलच्या गनने फवारतात. त्याने थर सारखा येतो, पण गन लगेच धुतली नाही तर आत रबर धरते.

पहिला हात पातळ असावा. तो पूर्ण पारदर्शक झाला की दुसरा हात आडवा, तिसरा उभा, असे तीन ते पाच हात द्यावेत. दर दोन हातांदरम्यान हवामानाप्रमाणे अर्धा ते दीड तास लागतो. एकच जाड हात देऊन वेळ वाचवण्याचा मोह होतो. पण जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पात्याखाली ओढला जातो. उभ्या भिंतींवरून मास्क ओघळून कोपऱ्यांत साचतो. तो पसरावा म्हणून पहिल्या काही मिनिटांत बॉडी हातात धरून हळूहळू फिरवावी. कड आणि चाकांच्या कमानी नेहमी पातळ राहतात, त्यांना एक हात जास्तीचा द्यावा.

पुरेसा थर ओळखायचा कसा? दुधाच्या जाड पिशवीएवढा पापुद्रा झाला पाहिजे. कापून टाकायच्या भागावर मास्क आठवणीने लावावा आणि सकाळी तिथला कोपरा चिमटीत धरून ओढून पाहावा. तो लांबलचक पट्टीसारखा निघाला तर काम झाले. तुकडे पडत असतील तर अजून एक हात हवा. पातळ मास्क सोलताना एका आकाराचे वीस कपटे होतात आणि प्रत्येक कपटा नखाने उचलताना शेजारची कड बिघडते.

नक्षी आणि पाते

मास्क पारदर्शक असल्याने नक्षी बाहेरच्या फिल्मवर काढता येते. आतून पाहिल्यावर तीच रेघ प्लास्टिकमधून दिसते आणि पाते तिच्यावरून फिरवता येते. बाहेर सुलटी काढलेली अक्षरे आतून उलटी दिसतात आणि तशीच कापायची असतात. कागद आत चिकटवून त्यावरून कापायचे असेल, तर मात्र कागदावर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढावी लागतात. येथे फसलेले रंगारी थोडे नाहीत. दोन्ही बाजू सारख्या असणाऱ्या नक्षीसाठी अर्ध्या बॉडीचा कागदी नमुना करून तो दुसऱ्या बाजूला पालटून घ्यावा. छताच्या मध्यावरून एक रेघ मारली की मापे चुकत नाहीत. प्रत्येक तुकड्यावर त्याच्या रंगाचा क्रमांक फिल्मवरच लिहून ठेवावा.

सगळे काप रंग मारण्याआधी एकाच बैठकीत पुरे करावेत. पाते नवे हवे. नक्षीकामाच्या टोकदार ११ नंबरच्या पात्याचे टोक थोड्या वेळातच बोथट होते आणि बोथट पाते मास्क कापण्याऐवजी फाडते. एका बॉडीला तीन-चार पाती लागली तर ती उधळपट्टी नव्हे. हाताचा दाब पात्याच्या स्वतःच्या वजनाहून थोडासाच जास्त असावा. मास्क चिरला पाहिजे, पत्रा नाही. पॉलिकार्बोनेटवर खोल चर पडला तर पुढच्या धडकेत तडा तिथूनच जातो, आणि कोपऱ्यांवर पत्रा आधीच पातळ असल्याने तिथे धोका दुप्पट. शिवाय चर प्रकाशात चमकतो आणि रंगाच्या कडेला पांढुरकी रेघ दिसते.

वळण कापताना पाते स्थिर ठेवून बॉडी फिरवावी. टोकदार कोपऱ्यात दोन्ही काप किंचित पुढे जाऊन एकमेकांना छेदले पाहिजेत, नाहीतर सोलताना कोपरा फाटतो. काप पूर्ण झाला की नाही हे बॉडी दिव्यासमोर तिरकी धरली की दिसते.

उघडण्याचा क्रम

पहिला तुकडा सोलण्याआधी त्याच्या कडेवरून पात्याचे टोक पुन्हा हलकेच फिरवावे. मग टेपचा तुकडा मास्कवर दाबून झटकन उचलावा किंवा चिमट्याने कोपरा धरावा. पापुद्रा ओढायचा तो पत्र्याला जवळजवळ समांतर. सरळ वर ओढला तर शेजारची कडही त्याच्याबरोबर उचलली जाते. उचलली गेलेली कड स्वच्छ बोटाने लगेच दाबून बसवावी. उघडलेल्या जागेवर मास्कचा अंश राहिला असेल तर तो ओल्या कापडाने टिपून जागा पूर्ण वाळू द्यावी.

रंगाचा पहिला हात नुसता धुक्यासारखा असावा. दाट ओला हात कडेखाली शिरतो, धुक्याचा हात कडेवरच वाळून तिला सील करतो. काही रंगारी त्याआधी पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक रंग कडेवरून मारतात. मग कडेखाली शिरलेच तर पारदर्शक शिरते आणि दिसत नाही. एअरब्रशने काम करताना दाब २० ते ४० पीएसआय पुरतो आणि दोन-चार पातळ हातांत रंग अपारदर्शक होतो. बॉडी दिव्याकडे धरून पाहिले की पातळ राहिलेली जागा लगेच उजळ दिसते.

एक रंग वाळला की पुढचा तुकडा. काळ्या बाह्यरेषेची, लाल अंगाची, पिवळ्या ज्वाळांची बॉडी असेल तर आधी काळ्या रेषा सोलून काळा, मग अंग सोलून लाल, शेवटी ज्वाळा सोलून पिवळा आणि सगळ्यांच्या मागे पांढरे अस्तर. अक्षराची सावली पाडायची असेल तर क्रम असा : अक्षर सोलून त्याचा गडद रंग पुरा करावा, मग पार्श्वभूमी सोलावी, अक्षराच्या एका कडेला काळ्या धुराचा हलका झोत मारावा आणि त्यावर पार्श्वभूमीचा रंग द्यावा. अक्षर पुढे असल्याने काळे त्याच्यामागे लपते आणि बाहेर फक्त सावली उरते. अशी सावली नेमक्या जागी पडावी म्हणूनच क्रमांक आधी लिहून ठेवायचे असतात.

रंगवलेल्या जागेवर पुन्हा द्रव मास्क फासू नये. सोलताना तो ताज्या रंगाला बरोबर घेऊन येतो. तिथे कमी चिकट टेप वापरावी. तसेच मास्क लावलेली बॉडी महिनोन्‌महिने पडू देऊ नये, जुना मास्क पत्र्याला घट्ट धरतो. कापलेली बॉडी काही दिवसांतच रंगवून संपवावी.

हवामान

पाणी उडून जाण्यावर सगळे अवलंबून असल्याने द्रव मास्क हवामानाला लगेच प्रतिसाद देतो. किनवटला लागून असलेल्या बाजारहत्नूर परिसरात तिन्ही ऋतू टोकाचे असतात आणि तिन्हींत वेगळी काळजी लागते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो. मास्क तेव्हा झटपट वाळतो, पण वरची साय आधी धरते आणि आतले पाणी अडकते. हात अधिक पातळ द्यावेत. रंगाचे थेंब बॉडीपर्यंत पोचण्याआधीच हवेत वाळतात आणि पत्र्यावर पिठासारखे बसतात, त्यामुळे चकाकी जाते. अंतर कमी करावे, रंग कंपनीने सांगितलेल्या रिड्युसरने थोडा सैल करावा आणि काम सकाळच्या वेळी उरकावे.

पावसाळ्यात उलट त्रास. हवा दमट असली की मास्क दिवसभर दुधट राहतो. लॅकर जातीच्या फवाऱ्यात हवेतील बाष्प अडकून रंगावर पांढुरकी झाक येते. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचून ते थेंबाथेंबाने रंगात पडते, म्हणून पाणी धरणारा ट्रॅप लावावा. वाळवायला पंखा दूर ठेवून लावावा. हेअर ड्रायरची कोमट हवा चालते, पण ती एकाच जागी धरली तर मास्कला फोड येतात.

आदिलाबाद तेलंगणातल्या सर्वांत थंड जिल्ह्यांपैकी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक अंकी आकड्यावर येतो. गारठ्यात पॉलिमरचे कण कडक राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत, आणि पापुद्र्याऐवजी भेगाळलेला थर मिळतो. या दिवसांत मास्क दुपारी लावावा आणि बॉडी रात्री घरातल्या उबदार खोलीत ठेवावी. पावसाळा सरल्यावर आणि कडाका पडण्याआधीचे आठवडे या कामाला सर्वांत सोयीचे.

मिळण्याच्या दृष्टीनेही विचार करावा लागतो. फवाऱ्याचे डबे ज्वलनशील वायूने भरलेले असल्याने त्यांच्या विमान वाहतुकीवर निर्बंध आहेत. मोठ्या शहरातल्या हॉबीच्या दुकानातून ते रस्त्यानेच मागवावे लागतात. बाटलीतले पाण्याधारित रंग, द्रव मास्क आणि एक लहान एअरब्रश गावाकडच्या माणसाला म्हणून अधिक सोयीचे पडतात. शिवाय पाण्याधारित रंग मास्कच्या कडेला कमी त्रास देतो.

बिघाड आणि त्यांचे मूळ

बिघाडांची यादी लांब दिसली तरी त्यांची मुळे तीनच आहेत : पातळ थर, ओला थर आणि घाई. सोलताना मास्कचे तुकडे पडतात तेव्हा थर पातळ असतो. पात्याखाली मास्क गोळा होतो तेव्हा तो ओला असतो. कडेखाली रंग पाझरतो तेव्हा बहुधा पहिला हात दाट पडलेला असतो किंवा उचललेली कड दाबायची राहिलेली असते. मास्कबरोबर शेजारचा रंगही उठला, तर पत्रा धुतलेला नव्हता किंवा रंगाचा थर दोन तुकड्यांना जोडून बसला होता. अशा जाड थरावर सोलण्याआधी काप पुन्हा फिरवावा लागतो.

पाझरलेला रंग दुरुस्त करता येतो, पण जपून. ओला असताना पाण्याधारित रंग ओल्या कापूसकांडीने टिपता येतो. वाळल्यावर लाकडी काडीचे तासलेले टोक कामी येते. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नये. त्याने पॉलिकार्बोनेट धुरकट होते, बारीक भेगा पडतात आणि ती जागा कायमची ठिसूळ होते. एका रेघेच्या दुरुस्तीसाठी सगळी बॉडी गमावण्याची ही वाट आहे.

आरोग्याचा भागही इथेच येतो. नाकावर बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो, विद्रावकाची वाफ अडवत नाही. लॅकरचा फवारा मारताना वाफ शोषणारे काडतूस असलेला मुखवटा आणि मोकळी हवा दोन्ही हवीत. जवळ चूल, शेगडी किंवा देवापुढचा दिवाही नको. फवाऱ्याचे डबे ५० अंशांवर तापू देऊ नयेत. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला डबा हा धोका आहे. मुले या छंदात उत्साहाने येतात, त्यांच्या हाती पाते आणि फवारा मोठ्या माणसाच्या देखरेखीतच द्यावा.

निवड आणि शेवटचे हात

द्रव मास्क टेपची जागा घेत नाही, तो टेपला जिथे जमत नाही तिथून पुढे काम करतो. कसलेले रंगारी एकाच बॉडीवर तिन्ही उपाय वापरतात : खिडक्यांना कापलेली फिल्म, सरळ पट्ट्यांना टेप आणि वळणाच्या नक्षीला द्रव मास्क. पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने दोन रंगांची, मोठ्या वळणांची साधी नक्षी निवडावी. थर किती जाड आणि दाब किती हलका हे हाताला एकदा कळले, की बारीक नक्षी आपोआप आवाक्यात येते. महागड्या एअरब्रशने चुकलेला थर सुधारत नाही, पण नीट दिलेल्या थरावर साध्या फवाऱ्यानेही स्वच्छ कड मिळते. या कामात पैशापेक्षा धीर जास्त लागतो, आणि म्हणूनच ते कुठल्याही गावात शिकता येते.

शेवटचा रंग वाळला की अस्तराचा हात देतात, आणि त्यामागे काही जण आतून काळ्याचा किंवा राखाडीचा एक हात मारतात. त्याने सगळे रंग एकसारखे बंद होतात आणि बॉडीचे पोटही नीटनेटके दिसते. खिडक्यांचे मास्क सर्वांत शेवटी सोलतात. काच धुरकट हवी असेल तर सोलल्यावर तिथे धुरकट पारदर्शक रंगाचा एक पातळ हात पुरतो. रंग चोवीस तास वाळू द्यावा, नंतर वक्र कात्रीने बॉडीची कड कापावी आणि बसवण्याची छिद्रे पाडावीत. बाहेरची संरक्षक फिल्म अगदी अखेरीस, सगळे हाताळणे संपल्यावर ओढून काढावी. नक्षीच्या खुणा आणि क्रमांक तिच्याबरोबर निघून जातात आणि आतून उलट क्रमाने रचलेला रंग बाहेर सुलटा दिसतो.